गाडी चढली, पण थांबेल का? बर्फातल्या एका व्हिडिओचं परीक्षण

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. उत्तरेतला कुठलासा डोंगरी रस्ता, रस्त्यावर दाबून घट्ट झालेला बर्फ, आणि आपल्याकडे दर तिसऱ्या दारात उभी असते तसली एक छोटी हॅचबॅक. आत ड्रायव्हर एकटाच. पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूहळू चढायला लागते, मध्येच पुढची चाकं जागेवर गरगर फिरतात, मग पकड घेतात आणि गाडी वर पोचते. शेवटी तो कॅमेऱ्याकडे बघून सांगतो की फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर बर्फात फोर बाय फोरची गरजच नाही.

व्हिडिओ टाकला होता सांगलीच्या माझ्या मावसभावाने. डिसेंबरच्या शेवटी स्वतःच्या छोट्या गाडीने मनाली आणि पुढे अटल बोगद्यापर्यंत जायचा त्याचा बेत. गाडीत तो, वहिनी, मावशी आणि नववीतला भाचा. खाली लिहिलं होतं, "तू सायन्सवाली. सांग बघू, जमेल ना?" मी काय केलं? अंगठा पाठवला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका ज्युनिअरचा सेमिनार होता. तिने एकाच सॅम्पलवर एकदाच घेतलेलं रीडिंग दाखवलं आणि त्यावरून मोठा निष्कर्ष काढला. मी तिला चार प्रश्न विचारून हैराण केलं. जेवताना डोक्यात आलं, यातला एक तरी प्रश्न मी काल रात्री त्या व्हिडिओला विचारला का? तिच्या चुकीने फार तर एक आलेख बिघडला असता. इथे गाडीत माझी मावशी बसणार होती.

म्हणून आजची पोस्ट म्हणजे त्या व्हिडिओचं परीक्षण आहे, पेपरचं करतात तसं. माझं काम थिन फिल्म्सवर आहे, गाड्यांवर नाही. पण यासाठी बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं. तुम्ही पेटची किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत असाल तर हे नीट वाचा. तिथे तुम्हाला नेमकं हेच विचारतात: तुमच्या निष्कर्षाला तुमचा पुरावा पुरतो का?

आधी, त्याचं बरोबर काय आहे

परीक्षण म्हणजे नुसत्या चुका काढणं नव्हे. समोरच्याचा मुद्दा आधी त्याच्यापेक्षा चांगला मांडून दाखवायचा, मग त्याला हात घालायचा.

आपल्या आजोबांच्या काळातल्या अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांनी ढकलल्या जायच्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढची चाकं ओढणारी गाडी घरोघरी पोचली. आज बहुतेक छोट्या हॅचबॅक तशाच आहेत. (ओम्नी आणि ईको मात्र मागच्या चाकांवर चालणाऱ्या.) या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे, म्हणजे जी चाकं ओढतात त्यांच्याच डोक्यावर वजन. निसरड्या जागी चाकाला मिळणारी पकड त्यावरच्या वजनावर आणि घर्षणांकावर ठरते. म्हणून ओढणाऱ्या चाकांवर वजन जास्त असणं फायद्याचंच.

आकड्यात बघू. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो, ओल्यावर ०.४ ते ०.६, दाबलेल्या बर्फावर ०.२ च्या आसपास आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहून कमी. रिकामी गाडी ७५० किलोची धरा. एकटा ड्रायव्हर बसला की ८२० किलो, त्यातलं ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर. चढावर थोडं वजन मागे सरकतं, ते किती सरकेल हे गुरुत्वमध्याची उंची आणि दोन आसांमधलं अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरतं. छोट्या गाडीला ते ०.२१ धरायला हरकत नाही. हे सगळं मांडलं की ०.२ घर्षणांकाच्या बर्फावर पुढच्या चाकांची गाडी साधारण ११.५ टक्के चढ चढते, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना साडेअकरा मीटर वर. हीच गाडी मागच्या चाकांवर चालवली असती तर ८.३ टक्क्यांवर अडकली असती. आपल्याकडे डोंगरी भागातले रस्ते आखताना चढ साधारण ५ टक्के ठेवतात, अगदी नाइलाज असेल तिथे ७.

म्हणजे व्हिडिओ खोटा नाही, गाडी चढायलाच हवी होती. शिवाय पुढची चाकं घसरली तर गाडी बहुधा सरळ जाते. मागची घसरली तर शेपूट फिरतं आणि नवख्या माणसाला ते सावरणं अवघड जातं. हे दोन्ही मुद्दे त्याच्या बाजूने लिहून ठेवा.

पहिला आक्षेप: गाडीत कोण बसलं होतं?

एकटा ड्रायव्हर. दादाच्या गाडीत चौघं आणि चार जणांच्या थंडीच्या बॅगा. आता पुन्हा हिशोब करा. पुढे बसलेल्या दोघांचं वजन साधारण अर्धं पुढे, अर्धं मागे वाटलं जातं. मागच्या सीटवरच्या माणसांचं बहुतेक सगळं मागच्या चाकांवर येतं. डिकी मागच्या आसाच्याही पलीकडे असते, त्यामुळे तिथल्या बॅगा पुढची चाकं किंचित उचलतात. पुढे १३० किलो, मागे १२० आणि डिकीत ६० धरले तर गाडी १०६० किलोची होते आणि पुढच्या चाकांवरचा वाटा ६० वरून ५१ टक्क्यांवर येतो.

त्याच बर्फावर ही भरलेली गाडी ९.८ टक्के चढ चढेल. मागच्या चाकांची असती तर १०.२ टक्के. म्हणजे ज्या फायद्यावर अख्खा व्हिडिओ उभा आहे तो बॅगा भरल्याबरोबर संपला, उलट किंचित तोटाच झाला. आणि घर्षणांक ०.१ वर आला, तर रिकामी गाडी ५.९ टक्क्यांवर थांबते आणि भरलेली ५ वर. मग नेहमीचा घाटसुद्धा जड जातो.

हे आकडे माझ्या गृहीतकांवर उभे आहेत. तुमच्या गाडीचे वेगळे येतील, कागदावर करून बघा. दिशा बदलणार नाही.

यातून आपल्यासाठी काय? प्रयोग करणाऱ्याने जी गोष्ट न सांगता स्थिर ठेवली, ती शोधायची. बहुतेक वेळा ती 'मटेरियल्स अँड मेथड्स'मध्ये लिहिलेलीच नसते, कारण करणाऱ्याला ती गोष्ट आहे हेच जाणवलेलं नसतं. त्या ड्रायव्हरने काही लपवलं नाही, तो एकटा होता एवढंच.

दुसरा आक्षेप: मोजायला सोपं तेच मोजलं

माझा सगळ्यात मोठा आक्षेप हा. व्हिडिओत गाडी चढते. ती एकदाही जोरात थांबत नाही, वळणावर वेगाने येत नाही, उतरत नाही. आणि निष्कर्ष मात्र 'बर्फात चालवण्या'बद्दल!

ओढायला दोन चाकं असोत की चार, ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, यात कोणती चाकं ओढतात याचा जवळपास काही संबंध नाही. अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. ताशी ४० किमी वेगाला सपाट कोरड्या रस्त्यावर ९ मीटर लागतात आणि दाबलेल्या बर्फावर साडेएकतीस. तोच बर्फ ७ टक्के उतारावर असेल तर ४८ मीटर. आणि त्या उतारावर घर्षणांक ०.१ असेल तर २१० मीटर! ड्रायव्हरला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलंच नाही.

वळणाचंही तसंच. १५ मीटर त्रिज्येच्या हेअरपिनला ओल्या डांबरावर ताशी ३० पर्यंत निभावतं, दाबलेल्या बर्फावर २० च्या आत यावं लागतं, गोठलेल्या थरावर १४ च्या आत. आणि इथे पुढच्या चाकांच्या गाडीची एक अडचण आहे. तिच्या पुढच्या चाकांना ओढायचंही असतं आणि वळवायचंही. पकड ठरावीक तेवढीच. ती ओढण्यात किंवा ब्रेकमध्ये खर्च झाली की वळायला काही उरत नाही, स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी नाकासमोर जात राहते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्या सातारा-सांगलीत बर्फ पडत नाही. फार तर एखाद्या कडाक्याच्या पहाटे महाबळेश्वरात वेण्णा तलावाजवळ दव गोठतं आणि गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो. पण हिवाळा म्हणजे आमच्याकडे उसाचा हंगाम. फडातून डबल ट्रॉली भरून ट्रॅक्टर निघतो, पाणंदीतून डांबरीवर येतो आणि चाकांबरोबर काळी माती घेऊन येतो. कृष्णाकाठच्या या मातीत पाणी धरून फुगणारी चिकणमाती भरपूर. कोरडी असली की नुसती धूळ. वरून अवकाळीची एक सर आली की डांबरावर लोण्यासारखा थर बसतो. राड म्हणतो आम्ही त्याला.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात कराडहून तासगावला एका लग्नाला निघालो होतो. गाडी जुनी, पुढच्या चाकांची, एबीएस नसलेली. अण्णा चालवत होते, वेग चाळीसच्या आसपास. पुढे पाणंदीतून ट्रॅक्टरचं तोंड बाहेर आलं. अण्णांनी ब्रेक दाबला, स्टेअरिंग उजवीकडे मारलं. गाडी काही वळली नाही. तशीच सरळ घसरत डाव्या चारीत उतरली आणि बाभळीला टेकून थांबली. आईच्या मनगटाला प्लॅस्टर, बाकी काही नाही. बाहेर आल्यावर अण्णा पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "म्या हँडल मारलं की गं, गाडी वळलीच न्हाई."

तेव्हा त्यांना वाटलं आपलं चुकलं, मलाही तसंच वाटलं. आता हिशोब करते. त्या राडीला घर्षणांक ०.२५ धरला, तर ४० च्या वेगाला थांबायला २५ मीटर आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर त्याचे ११. एकूण ३६. कोरड्या रस्त्यावर हेच २० मध्ये झालं असतं. चाकं लॉक झाली होती, म्हणजे सगळी पकड घसरण्यात गेलेली, स्टेअरिंगला काय मिळणार? २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांत एबीएस असतं. ते चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबूनही थोडंफार वळता येतं. पण एबीएस घर्षण तयार करत नाही. रस्त्याकडे जेवढं आहे तेवढंच मिळतं.

त्याच गाडीने त्याआधी पावसाळ्यात कासचा चढ कितीदा तरी चढला होता. चढते म्हणून आम्ही तिला निसरड्यात चांगली समजत होतो. व्हिडिओवाल्याची चूक आमच्या घरात आधीच होऊन गेली होती.

तिसरा आक्षेप: टायर दाखवलेच नाहीत

साडेतीन मिनिटांत कॅमेरा एकदाही टायरवर गेला नाही. गाडी आणि रस्ता यांच्यात चार तळहातांएवढा रबर असतो आणि सगळा कारभार तिथेच चालतो. थंड देशांत हिवाळ्याचे टायर वेगळे मिळतात. आपल्या नेहमीच्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं. त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. तिथे गाडी पुढच्या चाकांची आहे की चारी, हे कायदा विचारत नाही, टायर विचारतो. कशाचं महत्त्व किती, हे यावरून ओळखा.

आता त्या ड्रायव्हरकडे हिवाळी टायर असतील, तर गाडी कशामुळे चढली? ड्राइव्हमुळे की टायरमुळे? दोन गोष्टी एकदम बदलल्या तर परिणाम कोणाच्या खात्यात टाकायचा ते सांगता येत नाही. संशोधनात याला कन्फाउंडिंग म्हणतात. दादाचे टायर तर सांगलीच्या एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत चाललेले.

चौथा आक्षेप: न चढलेल्या गाड्या कुठे आहेत?

जो अर्ध्यात अडकला आणि लोकांनी धक्का मारून ज्याला मागे आणलं, तो "फोर बाय फोरची गरज नाही" असा व्हिडिओ टाकणार नाही. आपल्यापुढे फक्त जमलेले प्रयत्न येतात. उलट बाजूनेही हेच. सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात गाड्या घसरतानाचे व्हिडिओ दर हिवाळ्यात फिरतात आणि त्यांत मोठ्या फोर बाय फोर गाड्याही असतात. ते बघून "फोर बाय फोर काही कामाची नाही" म्हणणंही तितकंच चूक. त्या घसरतात त्या उतारावर आणि ब्रेक दाबल्यावर. चार चाकं ओढण्याचा फायदा निघायला आणि चढायला होतो, थांबायला नाही. बर्फ पडल्यावर पोलीस अनेकदा त्या रस्त्यावर साध्या गाड्या अडवून फक्त फोर बाय फोर सोडतात. त्याचा अर्थ निदान अडकून रस्ता बंद पडू नये एवढाच घ्या. चालवणारा सुरक्षित आहे असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

मग काय केलं असतं तर पटलं असतं?

परीक्षण करताना हा परिच्छेद लिहिल्याशिवाय उठायचं नाही. माझी मागणी फार नाही. एकच गाडी घ्या. वजन दोन प्रकारचं: एकटा ड्रायव्हर आणि पूर्ण भरलेली. टायर दोन प्रकारचे: नेहमीचे आणि हिवाळी. या चार जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीत तीन गोष्टी मोजा: किती चढ चढते, ठरलेल्या वेगावरून किती मीटरमध्ये थांबते, ठरलेल्या वळणावर कोणत्या वेगाला सुटते. प्रत्येक मोजमाप पाच वेळा, बंद मैदानात, आणि जोड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून, कारण चाकं फिरून फिरून बर्फ गुळगुळीत होत जातो आणि शेवटच्या जोडीवर अन्याय होतो. एकूण साठ फेऱ्या. तरीही यातून 'पुढची चाकं विरुद्ध चार' याबद्दल एक अक्षर बोलता येणार नाही, त्यासाठी दुसरी गाडी आणावी लागेल.

साठ फेऱ्या कोण करणार, असं वाटेल. नका करू. मग निष्कर्ष तेवढाच लहान ठेवा. त्या ड्रायव्हरला हक्काने एवढंच म्हणता येतं: "या गाडीने, या टायरवर, मी एकटा असताना, त्या दिवशी तो चढ एकदा चढला." तुमच्या सिनॉप्सिसमधलं कुठलंही वाक्य घ्या आणि ते असं लहान करून बघा. जे उरेल ते तुम्हाला माहीत आहे. बाकीचं तुम्हाला वाटतं.

दादाचं काय झालं

अंगठा मागे घेतला आणि त्याला फोन केला. अण्णांच्या गाडीची गोष्ट त्याला माहीत होती, पण त्याने ती या व्हिडिओशी जोडली नव्हती. मीही जोडली नव्हती. वीस मिनिटं हुज्जत घातली. शेवटी ठरलं ते असं: मिरजेहून गोवा एक्सप्रेसने दिल्ली, तिथून बसने मनाली आणि वर बर्फात स्थानिक टॅक्सी. "तुझ्या गणितानं माझ्या गाडीची इज्जत घालवली," म्हणाला. वहिनींनी मागून सांगितलं, "बरं झालं ताई."

मग त्याने विचारलं, "मनालीचं सोड. आपल्या उसाच्या रस्त्याला काय करू?" मी म्हटलं, राड दिसायच्या आधी वेग कमी कर, राडीवर ब्रेक आणि वळण एकदम करू नकोस, ट्रॅक्टरच्या मागे दुप्पट अंतर ठेव आणि टायरची नक्षी बघ. खाचेत बारीक उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची खूण दाखवतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

संध्याकाळी त्याने चारही टायरचे फोटो पाठवले. पुढचे दोन कोरे करकरीत, दिवाळीतच घातलेले. मागच्या दोन्हींची नक्षी उंचवट्यांच्या बरोबरीला. मी विचारलं, नवे पुढे का घातलेस? उत्तर आलं, "फ्रंट व्हील गाडी आहे ना, सगळं काम पुढचीच करतात."

निसरड्यावर मागची चाकं आधी सुटली की गाडी गर्रकन फिरते. म्हणून दोनच नवे घ्यायचे असतील तर पुढच्या चाकांच्या गाडीलाही ते मागे घालावेत, असं टायरवाले तज्ज्ञ सांगतात. दादाला उद्या टायरच्या दुकानात पाठवते आहे. तुम्ही आज घरच्या गाडीचे मागचे टायर बघून या.